वचनाच्या मागेपुढे

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत उपासना असते, आणि ती संपताना प्रत्येकाने ताटातून वचनाची एक चिठ्ठी उचलायची असा प्रघात आहे. येणाऱ्या वर्षासाठी देवाने आपल्याला दिलेले वचन म्हणून ती चिठ्ठी कोणी बायबलमध्ये ठेवतात, कोणी पैशाच्या पाकिटात, तर कोणी कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. त्या ताटात बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातले, एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन नाही असे सहसा होत नाही. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय. जालन्यात हे वचन मी रिक्षाच्या मागच्या काचेवर वाचले आहे, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर वाचले आहे आणि एका किराणा दुकानातल्या कॅलेंडरवरही वाचले आहे. त्याच्या अगदी अलीकडचे दहावे वचन मात्र कोणी रंगवून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमची भेट घेईन, असे त्यात आहे. यरुशलेमेतून बाबेलात धरून नेलेल्या ज्या बंदिवानांना यिर्मयाने हे पत्र धाडले, त्यांतल्या बहुतेकांना ती सत्तर वर्षे सरलेली पाहायला मिळणार नव्हती. वचन खरे होते, पण ते त्यांच्या हयातीत पुरे होणारे नव्हते.

त्या चिठ्ठ्यांची थट्टा करावी असा माझा हेतू नाही. माझ्याही बायबलमध्ये त्या आहेत, आणि वाईट दिवशी एखादे सुटे वचन माणसाला संध्याकाळपर्यंत नेऊन सोडते हे मी पाहिलेले आहे. तथापि संध्याकाळ गाठणे वेगळे आणि पावसाने पाठ फिरवलेल्या लागोपाठच्या वर्षांत विश्वासात उभे राहणे वेगळे. या दुसऱ्या कामाला सुटे वचन पुरत नाही, त्याला वचनाच्या मागचे-पुढचे सगळे लागते, आणि त्यातही जे मोठ्याने वाचताना वाचणारा अडखळतो ते अधिक लागते, असे माझे मत झाले आहे. हे मत बनले ते आमच्या घरच्या एका रिवाजामुळे. मृग नक्षत्र लागले की रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत यिर्मयाचा ग्रंथ पहिल्या अध्यायापासून वाचायला घ्यायचा आणि बावन्नावा अध्याय येईपर्यंत सोडायचा नाही, हा तो रिवाज.

आमचे गाव अंबड तालुक्यात. या भागात मोसंबीच्या बागा आहेत आणि २०१२-१३च्या दुष्काळात त्या कशा गेल्या हे जालना जिल्ह्यात कोणालाही विचारावे. परवडेल तोवर लोकांनी टँकरच्या पाण्यावर झाडे जगवली, पुढे पिण्याच्याच पाण्याचे वांधे झाले, तेव्हा वाळलेली झाडे कुऱ्हाड लावून सरपणाला काढली. आमच्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, बागेतली बरीचशी झाडे तशीच गेली. दादांच्या पिढीने १९७२चा दुष्काळ पाहिलेला आहे आणि त्या पिढीची माणसे दोन्ही दुष्काळांची तुलना करताना एकच सांगतात, की तेव्हा धान्य नव्हते पण विहिरीला पाणी होते, आता दुकानात धान्य आहे आणि पाणी नाही. पुढे एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या प्रदेशात पिण्याचे पाणी रुळांवरून येते, त्या प्रदेशात यिर्मयाचा चौदावा अध्याय वाचताना भाष्यग्रंथ उघडावा लागत नाही.

त्या अध्यायाचा मथळाच अवर्षणाचा आहे. यरुशलेमेतले सरदार आपल्या माणसांना पाण्यासाठी पाठवतात, ती हौदांपाशी जातात, पाणी सापडत नाही, रिकामी भांडी घेऊन परत येतात आणि लाजेने डोकी झाकतात. जमीन भेगाळलेली आहे, शेतकरीही डोके झाकून बसले आहेत. हरिणी रानात विते आणि गवत नाही म्हणून पाडस टाकून निघून जाते. रानगाढवे उजाड टेकड्यांवर उभी राहून वारा हुंगतात आणि त्यांची नजर विझत चालली आहे. संदेष्ट्याने ही सगळी माणसे आणि जनावरे अवघ्या पाच-सहा वचनांत उभी केली आहेत. यातली लाज मला विशेष वाटते. दुष्काळ म्हणजे तहान आणि भूक एवढेच बाहेरच्या माणसाला दिसते. पेरणीसाठी हातउसने मागायला गेलेला माणूस उपरण्याने तोंड का पुसत राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला डोकी झाकणारे शेतकरी ओळखू येतात.

त्यानंतर प्रार्थना येते आणि तिच्यात यिर्मया देवाला विचारतो, की तू या देशात परक्यासारखा, एका रात्रीच्या मुक्कामाला उतरलेल्या वाटसरूसारखा का झालास? आमच्या घरी हे वचन पहिल्यांदा मोठ्याने वाचले गेले तेव्हा आई म्हणाली, "असं देवाला बोलतेत व्हय?" दादांनी चष्मा वर करून तेच वचन पुन्हा वाचले. दोघांनीही लहानपणापासून पवित्र शास्त्र ऐकलेले होते, संदेश ऐकलेले होते, आणि तरीही या प्रश्नाशी त्यांची अशी समोरासमोर गाठ पडलेली नव्हती. त्यापुढचे उत्तर तर आणखी कठीण आहे. या लोकांच्या बऱ्यासाठी माझ्याकडे प्रार्थना करू नकोस, असे देव सांगतो. आणि तरीही अध्यायाच्या शेवटी यिर्मया प्रार्थनाच करतो आहे: राष्ट्रांच्या मूर्तींपैकी कोणाला पाऊस पाडता येतो काय, आम्ही तुझीच वाट पाहतो. ज्याने प्रार्थना करू नकोस म्हटले त्याच्याशीच प्रार्थनेत वाद घालत राहणे, हे ख्रिस्ती माणसाच्या आध्यात्मिक स्थैर्याचे मला सापडलेले सगळ्यांत प्रामाणिक चित्र आहे. त्यात मनःशांती फारशी नाही, चिकाटी मात्र पुष्कळ आहे.

मोसंबीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या भागातल्या संदेशांत एक दाखला ठरलेला आहे. मोसंबीचा बहार धरायचा असला की बागेला आधी ताण देतात, म्हणजे ठरावीक काळ पाणी तोडतात, झाडाची पाने पिवळी पडून गळू लागतात, मग खत-पाणी दिले की फूट येते आणि फुले लागतात. देवही आपल्याला असाच ताण देतो, असे वक्ता सांगतो आणि मंडळीतले बागायतदार माना डोलावतात. दाखला सुरेख आहे, पण मला तो पटत नाही. ताण देणाऱ्या माळ्याच्या विहिरीत पाणी असते आणि ते केव्हा सोडायचे हे त्याचे ठरलेले असते. दुष्काळात विहीरच कोरडी असते. ताण पडलेले झाड आणि मेलेले झाड यांतला फरक ज्याने दोन्ही पाहिली आहेत त्याला शिकवावा लागत नाही. सगळ्या संकटांना ताण म्हणून टाकले की वक्त्याची सोय होते आणि ज्याची बाग गेली तो गप्प बसतो. यिर्मयाने ही सोय केलेली नाही. पंधराव्या अध्यायात तो सरळ देवालाच म्हणतो, की तू मला आटून जाणाऱ्या, फसव्या ओहोळासारखा होणार काय?

हा प्रश्न ज्या ठिकाणी आला आहे ती जागा पाहण्यासारखी आहे. दोनच वचने आधी यिर्मया सांगतो, की तुझी वचने मला मिळाली तेव्हा मी ती खाल्ली आणि ती माझ्या अंतःकरणाचा आनंद झाली. हे खाण्याचे वचन आपल्या रविवारच्या शाळांतल्या भिंतींवर असते. फसव्या ओहोळाचे वचन भिंतीवर नसते, पण ते त्याच श्वासातले आहे. शिवाय याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात देवाने स्वतःला जिवंत पाण्याचा झरा म्हटले आहे आणि लोकांनी तो सोडून फुटके हौद खोदले अशी तक्रार केली आहे. म्हणजे देवाचाच शब्द यिर्मया देवाला परत ऐकवतो. ज्याने वचन खाल्ले आहे त्यालाच असे भांडता येते, कारण त्याच्या तक्रारीला लागणारे शब्दही शास्त्रानेच पुरवलेले असतात. यावर देव त्याला कारण सांगत नाही, अवर्षणाचा हिशेब देत नाही. तू माझ्याकडे वळ, मी तुला या लोकांपुढे पितळेच्या मजबूत तटासारखा करीन, एवढेच म्हणतो. तट झाल्यावर लढाई थांबेल असे त्यात कोठेही नाही, उलट ते तुझ्याशी लढतील असे स्पष्ट म्हटले आहे.

सतराव्या अध्यायातले पाण्याजवळ लावलेले झाड तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिल्या स्तोत्रातही ते आहे, पण यिर्मयाच्या झाडाला उन्हाळा आणि अवर्षणाचे वर्ष ही दोन्ही सोसावी लागतात. उष्मा आला तरी ते भीत नाही, अवर्षणाच्या वर्षी ते चिंता करत नाही आणि फळ देण्याचे थांबवत नाही. दादांचा यावरचा जुना आक्षेप असा, की पाण्याकाठच्या झाडाला कसला आला दुष्काळ? आमच्याकडे नदीच आटते, मग काठावरच्या झाडाने काय करावे? मला वाटते, या आक्षेपाला उत्तर याच अध्यायात पुढे आहे, मात्र ते युक्तिवादाच्या रूपात नाही. झाडाचे वर्णन झाल्यावर सहा-सात वचनांतच यिर्मया म्हणू लागतो, की हे परमेश्वरा, मला बरे कर म्हणजे मी बरा होईन, आणि तूच मला दहशत होऊ नकोस. मीच ते झाड आहे असे तो कोठेही म्हणत नाही. त्याला झाड दिसते, ते कोठे लावलेले असते हे त्याला माहीत आहे, आणि आपली पाने मात्र सुकत चालल्याचे तो लपवत नाही. आमच्या सभांमध्ये साक्ष देणाऱ्याकडून याच्या नेमकी उलट अपेक्षा असते. संकट आले, वचन आठवले, संकट गेले, हालेलुया, अशा तीन पायऱ्यांत साक्ष बसवावी लागते, आणि ज्याचे संकट गेलेले नाही तो साक्षीला उठतच नाही.

सुट्या वचनाचा धोका खुद्द सुवार्तेतच दाखवून दिलेला आहे. अरण्यातल्या परीक्षेच्या वेळी सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि ९१व्या स्तोत्रातले वचन म्हणून दाखवतो. वचन बरोबर आहे, पाठांतर चोख आहे, आणि तरीही ते परीक्षेचे हत्यार आहे. येशू तिन्ही वेळा शास्त्रानेच उत्तर देतो, आणि ती तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या ते आठव्या अध्यायांतली आहेत. अरण्यातली चाळीस वर्षे, मान्ना, भूक आणि तिच्यातून झालेली पारख यांची आठवण मोशे इस्राएलाला जेथे करून देतो, तोच हा भाग. स्वतः अरण्यात उपाशी असताना येशूने अरण्याविषयीच्या एका सलग भाषणाचा आधार घेतला, हे लक्षात आले तेव्हापासून मनुष्य केवळ भाकरीने जगेल असे नाही हे वाक्य मला वेगळे ऐकू येते. वधस्तंभावर तोच येशू बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात उच्चारतो. देवाने आपल्याला का सोडले, हा प्रश्न देवाच्या पुत्राच्या तोंडी आहे. त्यामुळे असा प्रश्न विचारणाऱ्याच्या विश्वासाविषयी शंका घेणाऱ्यांनी थोडे थांबावे.

या प्रदेशात हे पुस्तक कसे आले याचाही विचार अधूनमधून मनात येतो. १८४३मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण घराण्यातले नारायण शेषाद्री हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून निजामाच्या राज्यातल्या जालन्याला आले आणि शहराजवळ त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. याकोब धोंड्यावर डोके ठेवून निजला आणि त्याला शिडीचे स्वप्न पडले, त्या ठिकाणचे हे नाव. बेथेलात आणि आसपास जे ख्रिस्ती झाले त्यांत मांग समाजातली माणसे पुष्कळ होती. ज्यांच्या कानावर पोथीचे शब्द पडू नयेत अशी व्यवस्था होती, त्यांच्या हातात छापील शास्त्र आले आणि ते वाचता यावे म्हणून अक्षरे आली. दुष्काळातल्या धान्यासाठी यांनी धर्म बदलला, हा टोमणा आमच्या आधीच्या पिढ्यांनी ऐकला आणि आम्हीही ऐकतो. त्या टोमण्याला मी वादाने उत्तर देत नाही. धान्य संपते, ते वाटणारेही निघून जातात. आज्या-पणज्यांनी पेटीच्या तळाशी कापडात बांधून ठेवलेले, कडेची पाने झिजलेले बायबल आजही कित्येक घरांत आहे, आणि झिज त्याच पानांवर आहे जी पुन्हा पुन्हा उघडली गेली.

मराठी शास्त्राचा विषय निघाला की पंडिता रमाबाईंची आठवण टाळता येत नाही. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले. ते करताना २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही त्या कामाला बसत राहिल्या, अखेरच्या दिवसांपर्यंत मुद्रिते तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्यांचे भाषांतर छापून प्रसिद्ध झाले ते १९२४मध्ये. मुलगी गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले असेल याविषयी अंदाज बांधणे मला प्रशस्त वाटत नाही. इतके मात्र दिसते, की त्या वाचायला बसल्या तेव्हा सांत्वनाची वचने निवडून घेण्याची मुभा त्यांना नव्हती. भाषांतर करणाऱ्याला सगळेच करावे लागते, वंशावळ्यासुद्धा, शापसुद्धा, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि तिचे सांत्वन होत नाही हे यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातले वचनसुद्धा.

त्याच एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचे वचन आहे. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला हाती घेऊन ज्या नव्या कराराचा उच्चार केला तो हाच, आणि इब्री लोकांस पत्रात तो उतारा जवळजवळ अख्खा उतरवलेला आहे. प्रभुभोजनाला बसताना आपण यिर्मयाच्याच ग्रंथातले शब्द ऐकत असतो. राहेलीचे रडणे आणि नवा करार यांच्यात फार तर पंधरा-सोळा वचनांचे अंतर आहे, एवढे मी नोंदवून पुढे जातो.

ग्रंथातले जे प्रसंग आमच्या घरी सर्वांत रंगून वाचले जातात ते मात्र याहून साधे आहेत. बत्तिसाव्या अध्यायात बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, की अनाथोथातले माझे शेत तू विकत घे. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि मोहरबंद प्रत व उघडी प्रत अशा दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. सातबारा, फेरफार आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या खेपा ज्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत त्यांना या अध्यायातला बारकावा फार आवडतो. शत्रूच्या ताब्यात गेलेली जमीन बाजारभावाने विकत घेणारा माणूस व्यवहारशून्य म्हणावा तर त्याने कागदपत्रांत कोठे ढिलाई ठेवलेली नाही. आणि हा व्यवहार पुरा झाल्यावर, दस्त बारूखाच्या हाती दिल्यानंतर, यिर्मया प्रार्थनेत विचारतो, की नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चालले असताना तू मला शेत घे म्हणालास? आधी आज्ञा पाळली आणि शंका मागून विचारली. अमुक पटल्यावरच पुढचे पाऊल टाकीन असे म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना हा क्रम विचारात पाडतो.

दुसरा प्रसंग अडतिसाव्या अध्यायातला. यिर्मयाला दोरांनी विहिरीत सोडतात, तिच्यात पाणी नसते, नुसता गाळ असतो आणि तो त्यात रुततो. एबद-मलेख हा कूशी माणूस राजाकडून परवानगी काढतो आणि त्याला वर ओढण्याआधी जुन्यापान्या चिंध्या खाली सोडतो, दोर काचू नयेत म्हणून त्या बगलेत घ्यायला सांगतो. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला उतरलेली माणसे आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्यापैकी एकाने हा अध्याय ऐकून म्हटले होते, की हे लिहिणारा स्वतः दोरावर लोंबकळलेला असला पाहिजे.

विसाव्या अध्यायाबद्दल लिहिताना मात्र हात जड होतो. पशहूर याजक यिर्मयाला मारतो, खोड्यात अडकवतो, आणि सुटल्यावर तो देवाला म्हणतो, की तू मला फसवलेस. वचन बोलायचे नाही असे ठरवले तर ते हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखे होते, असेही म्हणतो. मग तेराव्या वचनात परमेश्वराची स्तुती करा, त्याने दीनाचा जीव सोडवला आहे, असे गीत येते, आणि चौदाव्या वचनात कसलाही पूल न बांधता तो आपल्या जन्मदिवसाला शाप देऊ लागतो. अध्याय तेथेच संपतो. एकविसावा अध्याय राजाच्या निरोपाने सुरू होतो, जणू मधे काही घडलेच नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात कर्जापायी कर्त्या माणसाने जीव दिला. घरी प्रार्थनेला जमलेल्यांपैकी प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे एक वचन होते आणि त्यातले एकही त्या बाईंपर्यंत पोचत नव्हते. पाळकसाहेबांनी काही न बोलता हा अध्याय सातव्या वचनापासून शेवटपर्यंत वाचला. काही जणांना ते रुचले नाही, अशा घरी हे वाचायचे काय, असे बाहेर अंगणात बोलणेही झाले. बाई मात्र थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे बी लिवलंय व्हय यात?" आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलू लागल्या. त्या काय बोलल्या ते येथे सांगण्याचे नाही. त्या पुढच्या रविवारी उपासनेला आल्या नाहीत, त्यानंतरही बरेच दिवस आल्या नाहीत, पण त्यांनी शेजारच्या मुलीला घरी बोलावून यिर्मयाचे वाचन लावले.

असे सलग वाचन नेहमीच भारावून टाकते असे नाही. सेहेचाळीस ते एक्कावन्न हे अध्याय परराष्ट्रांविषयीच्या भविष्यवाण्यांचे आहेत आणि पावसाळ्यातल्या दमल्या रात्री मवाबातल्या गावांची नावे वाचताना घरातले निम्मे लोक पेंगतात. ग्रंथाचा कालक्रमही सरळ नाही. यहोयाकीमाच्या काळातला प्रसंग सिद्कीयाच्या काळातल्या प्रसंगानंतर येतो, त्यामुळे राजांची यादी शेजारी ठेवलेली बरी. जुन्या ग्रीक भाषांतरातला यिर्मया तर हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि त्यात या राष्ट्रांच्या भविष्यवाण्या ग्रंथाच्या मध्यात येतात. हे कळल्यावर काही श्रद्धाळू मंडळी बिचकतात. मला बिचकण्याचे कारण दिसत नाही, कारण हा ग्रंथ कसा घडला हे ग्रंथातच छत्तिसाव्या अध्यायात सांगितलेले आहे. हिवाळ्यात शेगडीपुढे बसलेला यहोयाकीम राजा वाचून झालेले तीन-चार रकाने चाकूने कापतो आणि विस्तवात टाकतो, असे करत सगळी गुंडाळी जाळतो. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूख पुन्हा सगळे लिहितो, आणि त्यात तशाच पुष्कळ वचनांची भर घातली जाते. जळून पुन्हा लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रती कमी-अधिक लांबीच्या निघाल्या तर मला त्यात नवल वाटत नाही.

आमच्या गावात श्रावणात हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा देवळातल्या पारायणाचा आवाज कर्ण्यावरून आमच्या घरात येतो. ग्रंथ त्यांचा वेगळा, श्रद्धा वेगळी, पण पारायणात अध्याय वगळत नाहीत ही गोष्ट मला शेजाऱ्यांकडून घेण्यासारखी वाटते. कळो वा न कळो, रुचो वा न रुचो, ओळ आली की ती वाचायची. ख्रिस्ती घरांत पूर्वी असे वाचन होते. आता फोनवर रोज सकाळी एक वचन येते, त्याच्या मागे सूर्योदयाचे चित्र असते, आणि ते पुढे पाठवले की दिवसाचे शास्त्रवाचन झाले असे धरतात.

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात आहे. गाव सोडून गेलेल्या मराठवाड्यातल्या हजारो पोरांसारखाच तोही दोन जणांत एक खोली घेऊन राहतो आणि दिवाळी-नाताळाला येतो. आमच्या वाचनात तो फोनवरून सामील होतो, पाळी आडवी आली तर नाही. त्याने बराच काळ ते हिताच्या संकल्पांचे वचन फोनच्या पडद्यावर ठेवले होते. गेल्या खेपेस एकोणतिसाव्या अध्यायाची रात्र आली तेव्हा वाचण्याची पाळी त्याचीच होती. पत्राची सुरुवात त्याने वाचली, की घरे बांधून त्यांत राहा, बाग लावून फळे खा, आणि ज्या नगरात मी तुम्हांला पाठवले आहे त्याचे हित चिंतून त्याच्यासाठी प्रार्थना करा. तेथे तो थांबला आणि दादांना म्हणाला, की हे तर चाकणात राहा म्हणतंय. दादांना ते आवडले नाही. त्यांच्या मनात अजून असे आहे, की बाग पुन्हा लावली की पोरगा परत येईल, आणि त्यांच्या हाताशी अनाथोथच्या शेताचा अध्याय आहेच. भाऊ म्हणतो, शेत यिर्मयाने घेतले, पण पुढे त्याला लोक मिसरात घेऊन गेले आणि तो तेथून परत आल्याचे कोठे लिहिलेले नाही. दोघेही एकाच पुस्तकातून भांडतात आणि दोघांनाही आपापला आधार सापडतो. मी मधे पडत नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच दोन अध्याय तीनच रात्रींच्या अंतराने येणार आहेत, आणि भावाने या खेपेला दोन दिवस रजा टाकून घरी येऊन वाचायचे कबूल केले आहे.